व्हँकुव्हरचा हिवाळा: वरचं शेल जॅकेट कसं निवडायचं आणि साइझ कशी बघायची

कॅनडातल्या व्हँकुव्हरला कॉलेजच्या सप्टेंबरच्या बॅचला आलेल्या मुलामुलींचे फोन ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. तोपर्यंत हवा छान असते, झाडं लाल-पिवळी झालेली असतात, आणि मग एकदा पाऊस लागला की तो मार्चपर्यंत पाठ सोडत नाही. प्रश्न एकच असतो, जॅकेट कुठलं घेऊ. निम्म्या जणांनी तोपर्यंत पुण्याहून किंवा इथल्या सेलमधून गुडघ्यापर्यंतचा जाड पिसांचा पार्का घेतलेला असतो, कारण कॅनडा म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे उणे वीस आणि बर्फच येतो.

एडमंटन, विनिपेगला जाणाऱ्यांसाठी तो पार्का अगदी योग्य आहे. पण व्हँकुव्हर, बर्नबी, सरे, रिचमंड हा भाग वेगळा. इथे डिसेंबर-जानेवारीत दिवसा साधारण पाच-सहा डिग्री, रात्री एक-दोन, मधेच आठवडाभर कडक थंडी आणि थोडा बर्फ, बाकी सगळा पाऊस. एअरपोर्टला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, नॉर्थ व्हँकुव्हरला डोंगराच्या पायथ्याशी त्याहून कितीतरी जास्त. मुंबईत वर्षाचा पाऊस दोन हजारांच्या वर जातो पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला पाऊस दिवसभर रिपरिप करत राहतो आणि नोव्हेंबर सगळ्यात ओला. म्हणजे इथे थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते. पिसांचं जॅकेट ओलं झालं की पिसं गोळा होतात, फुगवटा जातो आणि ऊबही जाते. शिवाय बस आणि स्कायट्रेनमध्ये हीटर चालू असतो, त्या जाड पार्क्यात घामाघूम व्हायला होतं आणि उतरल्यावर तोच घाम गार पडतो.

म्हणून इथले लोक लेअर घालतात. अंगालगत पातळ थर्मल, पॉलिएस्टरचं किंवा मरिनो लोकरीचं. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट, किंवा पफर, म्हणजे आत सिंथेटिक भरलेलं पातळ फुगीर जॅकेट. आणि सगळ्यात वर शेल, ज्यात ऊब अजिबात नसते, फक्त पाणी आणि वारा अडवायचं काम असतं. आत सुती बनियन किंवा कॉटनचा टीशर्ट घालू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण कॉटन घाम धरून ठेवतं आणि चार डिग्रीत ते लवकर वाळत नाही.

हरिश्चंद्रगड, राजमाचीला पावसाळ्यात नेलेलं जॅकेट चालेल का, असं ट्रेकवाले हमखास विचारतात. पहिले काही आठवडे चालेल, फेकू नका. पण सह्याद्रीत जुलैत वीस-बावीस डिग्री असतं, तिथे पाण्याने भिजलात काय आणि आतल्या घामाने भिजलात काय, चालत राहिलं की भागतं. इथे आतून भिजलात तरी कुडकुडायला होतं. त्यामुळे शेल पाणी किती अडवतं याच्याइतकंच ते आतली वाफ बाहेर किती सोडतं हेही बघायला लागतं, आणि स्वस्त रेनकोट नेमका तिथेच कमी पडतो.

दुकानात गेल्यावर लेबल नीट वाचा. वॉटर रेझिस्टंट, वॉटर रिपेलंट असं लिहिलेलं जॅकेट पंधरा मिनिटांच्या भुरभुरीपुरतं असतं, आपल्याला वॉटरप्रूफ हा शब्द हवा. मग जॅकेट उलटं करून शिवणी बघा, प्रत्येक शिवणीवर आतून टेपची पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. काही जॅकेटांत फक्त खांदे आणि टोपीच्या शिवणीला टेप असते, बाकीच्या उघड्या, तिथून तासाभरात पाणी आत यायला लागतं. दहा हजार, वीस हजार मिलिमीटर असा आकडा असतो तो पाण्याच्या दाबाचा, दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. ऐकायला खूप वाटतं, पण लॅपटॉपची जड बॅग पाठीवर असली की पट्ट्यांखाली ओल्या कापडावर सतत दाब येतो, म्हणून रोज कॉलेजला बॅग घेऊन जाणाऱ्यांनी पंधरा-वीस हजार मिलिमीटरचं बघावं. कापडाच्या श्वास घेण्याचा, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडण्याचा, म्हणून दुसरा एक आकडा देतात, त्याच्या चाचण्या कंपनीगणिक वेगळ्या असतात, दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यापेक्षा काखेखाली चेन आहे का ते बघा. ट्रेनमध्ये चढलात की काखेच्या चेन आणि पुढची चेन उघडायची, उतरताना लावायची, याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या कापडाने पडत नाही.

अडीच लेअर आणि तीन लेअर हाही प्रश्न येतो. बाहेरचं कापड, त्याला आतून चिकटवलेला पाणी अडवणारा पातळ पडदा आणि त्याच्या आत अस्तर, असे तिन्ही एकजीव केलेले असले की ते तीन लेअर. अडीचमध्ये अस्तराऐवजी नुसतं छापील कोटिंग असतं, वजनाला हलकं आणि स्वस्त पण उघड्या हाताला चिकटतं आणि तीनच्या मानाने कमी टिकतं. रोज वापरायचं आणि चार-पाच वर्षं काढायची तर तीन लेअर परवडतं. विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी अडीचवर भागवायला काहीच हरकत नाही.

आता साइझ, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना बघतो. पहिली गोष्ट, इकडच्या साइझ आपल्यापेक्षा मोठ्या असतात, भारतात एम घालणाऱ्याला इथे बऱ्याचदा एस होतो. म्हणून अक्षर विसरा आणि टेपने छाती मोजा, सगळ्यात भरलेल्या ठिकाणी, टेप आवळायची नाही. वेबसाइटवरच्या चार्टमधलं माप बहुतेक वेळा तुमच्या शरीराचं असतं, जॅकेटचं नाही, त्यामुळे त्यात स्वतःहून चार इंच मिळवू नका, लेअरसाठीची जागा कंपनीने आधीच धरलेली असते. कट मात्र बघा. ट्रिम किंवा स्लिम असेल तर आत फ्लीस जेमतेम मावतो, रेग्युलर हा आपल्या कामाचा, आणि आत पफर घालणार असाल तर रिलॅक्स्डही घालून बघा.

ट्रायलला जाताना थर्मल आणि तुमच्याकडचा सगळ्यात जाड फ्लीस घालून जा, पाठीवर रोजची बॅग घ्या. टीशर्टवर जॅकेट ट्राय करून घेतलं आणि डिसेंबरात आत काही मावेना अशी तक्रार दर वर्षी ऐकतो. चेन पार हनुवटीपर्यंत लावा. दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःलाच मिठी मारा, पाठीत खांद्यांमधे ताण आला तर साइझ लहान आहे. मग बसमधला वरचा दांडा धरल्यासारखा एक हात वर करा, जॅकेटची खालची कड कमरेच्या वर सरकली नाही पाहिजे आणि बाही मनगटापासून इंचभरापेक्षा जास्त मागे जायला नको, कारण पाऊस असताना दांडा धरला की पाणी थेट बाहीत उतरतं. टोपी डोक्यावर घेऊन मान डावीकडे-उजवीकडे फिरवा, टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, नाहीतर रस्ता ओलांडताना गाडीऐवजी टोपीचं अस्तर दिसतं आणि हे खरंच धोक्याचं आहे, इथे नोव्हेंबरात संध्याकाळी लवकर अंधार होतो. फ्लीसऐवजी पफर घालून गेला असाल तर शेवटी आत हात घालून तो दबलाय का बघा. दबला असेल तर त्यातली हवा गेली, आणि ऊब त्या हवेचीच असते.

उलट्या बाजूनेही चूक होते. लेअर घालायचेत म्हणून दोन साइझ मोठं घेतात आणि मग चाललं की खालून गार वारा आत शिरत राहतो. एप्रिलमध्ये नुसत्या टीशर्टवरही तेच जॅकेट वापरायचंय हे लक्षात ठेवा, खालच्या कडेची दोरी ओढून ते अंगाशी बसलं पाहिजे. दोन साइझमध्ये अडलात आणि हात उंच धरल्यावर लहान साइझची बाही कमी पडत असेल तर मोठं घ्या, फक्त छातीवर किंचित घट्ट वाटतंय पण मिठीत ताण येत नाही तर लहान ठेवा, फ्लीस दुसरा पातळ घेता येतो.

बायकांच्या कटमध्ये छातीला बरोबर बसणारं जॅकेट बऱ्याचदा हिप्सवर अडतं आणि बसलं की वर चढतं. अशा वेळी हिप्सच्या मापाने घ्या, किंवा खालूनही उघडणारी चेन असलेलं बघा, बसताना खालून चार बोटं उघडली की ताण जातो. रोज कुर्ता घालणाऱ्यांनी मांडीपर्यंतचं लांब शेल घ्यावं, छोट्या जॅकेटखालून लोंबणारा कुर्ता भिजतो आणि ते पाणी कापडातून वर चढत जातं. पुरुषांच्या कटचं जास्त सोयीचं वाटलं तर बिनधास्त घ्या, इथे कोणी बघत नाही.

लहान मुलं डे-केअरला जाणार असतील तर तिथून मडी बडी मागतील, तो एकसंध रेनसूट असतो, पायापासून गळ्यापर्यंत. इथे पावसातही मुलांना बाहेर खेळायला नेतात, घाबरू नका, नीट कपडे असले तर मुलं मजेत असतात. मुलांचं एक साइझ मोठं घ्या, मनगटाला इलॅस्टिक असलेलं. हिवाळ्यात भेटीला येणाऱ्या आईबाबांसाठी रिलॅक्स्ड कट बघा, कारण ते स्वेटर आणि वर शाल सोडणार नाहीत आणि सोडायला लावूही नये, टोपीखाली कानटोपी बसली पाहिजे. चेनच्या टोकाला एक जाड दोरीची कडी बांधून द्या, गार पडलेल्या किंवा दुखऱ्या बोटांना ती बारीक चेन धरता येत नाही.

पैशांचं सांगतो. बरं अडीच लेअरचं जॅकेट दीडशे ते अडीचशे डॉलरमध्ये मिळतं, गोअर-टेक्स या ब्रँडच्या वॉटरप्रूफ कापडाचं तीन लेअर चारशेच्या पुढे, आणि वर १२ टक्के टॅक्स. लहान मुलांच्या कपड्यांवर प्रांताचा ७ टक्के लागत नाही, फक्त ५ टक्के जीएसटी. एमईसी हे १९७१ साली इथेच सुरू झालेलं दुकान, तिथे ट्राय करायला बराच चॉइस असतो. आर्कटेरिक्स ही कंपनीपण इथली, नॉर्थ व्हँकुव्हरची, माल उत्तम पण पहिल्या वर्षी त्याची काही गरज नाही. थांबता आलं तर नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे किंवा २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे, यातला एखादा सेल गाठा, पण नोव्हेंबरभर भिजत थांबू नका. टॅग न कापता घरी सगळे लेअर घालून पुन्हा बघा, परत करायची मुदत पावतीवर असते.

सेकंडहँडमध्ये खूप चांगली जॅकेटं मिळतात, फक्त उजेडात उलटं करून बघायचं. शिवणीवरची टेप नखाने हलकेच उचलून बघा, सुटत असेल तर नको. मानेच्या आणि खांद्याच्या आतल्या बाजूला कापडावर फुगे आलेत किंवा पांढरा कोंडा पडतोय म्हणजे आतला पडदा सुटलाय, ते दुरुस्त होत नाही. हाताला चिकट लागलं तरी ठेवून द्या. बाहेरून मळकं असेल तर मात्र काही बिघडत नाही, ते धुता येतं.

एसएफयूच्या, म्हणजे सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या मुलांना वेगळं सांगायला हवं, बर्नबी कॅम्पस डोंगरावर आहे, साधारण ३७० मीटरवर, खाली पाऊस असताना वर बर्फ पडत असतो, त्यांनी पफर कायम बॅगेत ठेवावं. आणि जे सायकलवरून डिलिव्हरी करतात किंवा उघड्यावर आठ तासांची शिफ्ट करतात त्यांनी माझं हे श्वास घेणाऱ्या कापडाचं सगळं बाजूला ठेवून मार्क्ससारख्या कामगारांच्या कपड्यांच्या दुकानातून जाड कोटिंगचा रेनसूट घ्यावा, पँटसकट. तेवढ्या पावसात तोच टिकतो आणि स्वस्तही पडतो.

एक-दीड वर्षाने जॅकेट गळतंय असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा ते गळत नसतं. नवीन कापडावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, ते वरच्या फवाऱ्याच्या कोटिंगमुळे, ते कोटिंग मळलं की कापड पाणी शोषतं, जड आणि गार होतं आणि आतली वाफ बाहेर जाईनाशी होते, मग आतली ओल आपल्याला गळती वाटते. केसांना खोबरेल लावणाऱ्यांची टोपी आणि कॉलर सगळ्यात आधी जाते, तेल लावलेल्या दिवशी आत पातळ टोपी घाला. धुताना नेहमीची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, निकवॅक्स टेक वॉशसारखं लिक्विड मिळतं ते वापरा, सगळ्या चेन लावून धुवा. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं फिरवा, त्या उष्णतेने कोटिंग परत जागेवर येतं. त्यानंतरही मोती होत नसतील तरच फवाऱ्याची बाटली आणा.

बेसमेंट सूटमध्ये, म्हणजे घराच्या तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत राहत असाल तर रोजचं वाळवणं हीच मोठी अडचण, महाबळेश्वरला जुलैत कपडे वाळत नाहीत तशी गत होते. जॅकेट भिंतीच्या तळाशी असतो त्या बेसबोर्ड हीटरवर टाकू नका, कापड वितळतं आणि आग लागू शकते. दारामागे खुंटीवरही नको, तिथे भिंतीला बुरशी येते. बाथरूममध्ये रुंद हँगरला लावा, काखेच्या आणि खिशांच्या चेन उघड्या ठेवा आणि एक्झॉस्ट फॅन तासभर चालू द्या.