घरच्या गच्चीवर ग्रिल करताना या चुका टाळा

चिकन आदल्या रात्रीपासून दह्यात मुरतंय, हिरवी चटणी वाटून तयार आहे, कांद्याच्या चकत्या गार पाण्यात पडल्या आहेत. पाहुणे साडेआठला येणार आणि शेगडी पेटते सव्वाआठला. आमच्या गच्चीवर, मित्रांच्या शेतावर, नातेवाइकांच्या अंगणात मी बरीच वर्षं कोळशावर भाजत आलो आहे. बिघडलेल्या बहुतेक बेतांची सुरुवात या सव्वाआठलाच झालेली पाहिली आहे. मसाल्याला आपण बारा तास देतो आणि विस्तवाला पंधरा मिनिटंही देत नाही. पुढे सांगितलेल्या निम्म्या चुका या एकाच घाईतून निघतात.

ज्वाळा दिसल्या की जाळी चढवणं

कोळसा पेटला की आधी ज्वाळा आणि धूर येतो. त्यावर ठेवलेलं पनीर काजळी धरतं, त्याला कडवट वास लागतो आणि आतून ते गारच राहतं. ज्वाळा बसून ढिगावर राखेचा पांढुरका थर चढला आणि अंधारात आतून लाल धग दिसू लागली, की निखारा तयार झाला. लाकडी कोळशाला यासाठी पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. दाबून बनवलेल्या ब्रिकेटना आणखी थोडा वेळ द्यावा लागतो, पण त्या जास्त वेळ आणि एकसारख्या जळतात. लाकडी कोळसा लवकर तापतो, जास्त धग देतो आणि लवकर संपतो. बांगडा, पनीर, कणसं यांना मला लाकडी कोळसाच आवडतो.

निखारा तयार झाला की हाताने अंदाज घ्या. तळहात जाळीच्या वर वीतभरापेक्षा थोडा कमी अंतरावर धरा आणि सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच तेज आहे, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम आणि सहा-आठ सेकंद टिकला तर मंद. मासे आणि पनीर तेज आचेवर, चिकनच्या तंगड्या मध्यम आचेवर.

पेटवण्यासाठी रॉकेल, पेट्रोल, थिनर ओतू नका. पेट्रोलची वाफ काडी टेकण्याआधीच भडकते, आणि रॉकेलचा वास पदार्थाला लागतो. अंड्यांच्या पुठ्ठ्याचा तुकडा, नारळाचं सुकं सोडण, दोन-तीन कापराच्या वड्या आणि त्यावर कोळशाचा उभा डोंगर एवढं पुरतं. पसरून ठेवलेला कोळसा पेटायला कुरकुरतो, ढीग केला तर खालची आग वर चढते. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, मग तो तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि नुसता धूर करतो. पोतं उघडं असेल तर कोळसा दिवसभर उन्हात घाला आणि झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

सगळ्या शेगडीभर निखारे पसरणं

बाहेरून करपलेली आणि हाडापाशी गुलाबी राहिलेली तंगडी बहुतेकांनी खाल्लेली असते. तिचं कारण हे. शेगडीत सगळीकडे सारखीच तेज आच असेल, तर जाड तुकड्याला आत शिजायला जागाच उरत नाही. निखारे एका बाजूला ओढा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. तंगडी आधी निखाऱ्यांवर दोन्हीकडून रंग येईपर्यंत ठेवायची, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेलं पालथं घालायचं. पातेल्याखाली कोंडलेली उष्णता तिला हळूहळू शिजवते. मोठी तंगडी असेल तर अर्धा-पाऊण तास लागू शकतो. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या, तरी हीच रिकामी बाजू कामाला येते. तुकडे तिकडे सरकवा, ज्वाळा आपोआप बसतील. पाणी शिंपडलंत तर राख उडून पदार्थावर बसते. चरबीनेच मोठी आग धरली असेल तर पाण्याने ती उसळते, म्हणून शेजारी वाळूची बादली ठेवा.

चिकन शिजलं की नाही, हे रंगावरून ठरवू नका. मसाल्याचा लाल रंग फसवतो आणि धुरामुळे शिजलेलं मांसही गुलाबी दिसू शकतं. खाद्यपदार्थांचा साधा थर्मामीटर घ्या, हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात टोचा आणि ७४ अंश सेल्सियस दिसले की उतरवा. मला तरी ग्रिलच्या सामानातली ही सगळ्यांत उपयोगी वस्तू वाटते, शोभेच्या चिमट्यांच्या संचाआधी ती घ्यावी.

उतरवलेलं चिकन कच्चं असताना ज्या ताटात होतं, त्याच ताटात परत ठेवणं ही चूक माणसाला आजारी पाडते. स्वच्छ ताट आधीच बाजूला काढून ठेवा. उरलेला कच्चा मसाला ब्रशने शेवटी लावायचा असेल तर तो आधी चांगला उकळून घ्या, किंवा मुरवण्याआधीच वाटीभर वेगळा काढा.

मुरवण्याचा अतिरेक

कच्च्या पपईत पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. चिवट मटणासाठी ते वरदान आहे. किलोभर मटणाला दोन चमचे वाटण आणि दोन-तीन तास पुरे होतात. तेच वाटण चिकनला लावून रात्रभर ठेवलं तर सकाळी तुकड्यांचा पिठूळ लगदा होतो आणि मग कुठलीही आच त्याला वाचवू शकत नाही. अननसाचंही तसंच. चिकनला पपईची गरजच नसते, दही पुष्कळ झालं. दही मात्र फडक्यात टांगून, पाणी काढून वापरा. पातळ दही निखाऱ्यावर ठिबकत राहतं, आच विझवतं आणि तुकड्यावर मसाला टिकत नाही.

माशाला वीस मिनिटं ते अर्धा तास भरपूर झाला. लिंबात तासभर राहिलेल्या माशाचा पृष्ठभाग पांढरा, भुसभुशीत होतो आणि जाळीवर तो सुटून पडतो. साखर, मध किंवा गोड सॉस असलेला मसाला सुरुवातीला लावला तर आत शिजायच्या आत वरून कोळसा होतो. तो शेवटच्या पाच मिनिटांत फासा.

मुरवणं फ्रिजमध्ये व्हायला हवं. बाहेर ठेवायचं असेल तर दोन तासांच्या वर नाही, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नाही. गच्चीवर उन्हात उघडं ठेवलेलं मांसाचं भगुणं मला फार खटकतं.

बांगडा जाळीला चिकटतो, मग लोक ओढतात

थोडं थांबलं तर मासा स्वतःच सुटतो. जाळी आधी निखाऱ्यावर पाच-दहा मिनिटं तापवा, घासून घ्या, तेलात बुडवलेला कांद्याचा अर्धा तुकडा काट्याला टोचून तिच्यावर फिरवा. बांगडा कागदाने किंवा फडक्याने कोरडा पुसा, दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा द्या, हळद-तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावा, जाडसर मसाल्याचा लेप नको. ठेवल्यावर चार-पाच मिनिटं हात लावू नका. कातडी खरपूस झाली की ती जाळी सोडते. उलथन्याला अजून ओढ जाणवत असेल तर मिनिटभर आणखी थांबा. घाबरत असाल तर दोन पाख्यांची जाळी मिळते, मासा तिच्यात बंद करून सगळीच उलटवता येते. पापलेटसारख्या नाजूक माशाला केळीच्या पानात बांधणं मला अधिक पसंत. पान करपतं आणि आत मासा वाफेवर शिजतो.

ताजे बोंबील जाळीवर नेऊ नका. त्यांत इतकं पाणी असतं की ते सांडून जातात. सुके बोंबील मात्र निखाऱ्यांवर दोन मिनिटं फिरवून कुरकुरीत करा आणि भाकरीबरोबर खा. माझ्या आवडीच्या यादीत त्यांचा नंबर बराच वर आहे.

वांगं, कणीस, पनीर

खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या आगीवर भाजतात. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या चवीचा अर्धा भाग धुराचा आहे. म्हणूनच भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलणं पाहवत नाही, कारण धुराची सगळी चव त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल वाफेनं सुटते, मग बोटं पाण्यात बुडवून सोला. भाजण्याआधी सुरीने चार-पाच ठिकाणी टोचायला विसरू नका, नाहीतर आतल्या वाफेनं वांगं फुटतं. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, तो बोटाला मऊ लागेपर्यंत काढू नका. बाजूला हिरव्या मिरच्या आणि लसणाची गड्डी भाजायला ठेवा.

कणसाला आधी लोणी लावू नका. ते ठिबकतं, भडका उडतो आणि कणीस काळं पडतं. कोरडं भाजा, सतत फिरवा, आणि उतरवल्यावर मीठ-तिखटात बुडवलेली लिंबाची फोड चोळा. हातगाडीवाला एका हातानं पंखा हलवत दुसऱ्या हातानं कणीस फिरवत असतो, तेच बघून शिकायचं. आणि कणसं त्याच दिवशीची आणा. तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ होत जाते.

पनीर वातड होतं ते जास्त वेळ भाजल्यामुळे. तेज आचेवर दोन-तीन मिनिटांत कडा रंगल्या की उतरवा. ढोबळी मिरची, कांदा आणि पनीर एकाच सळईवर ओवलं की काहीतरी कच्चं आणि काहीतरी करपलेलं निघतं, म्हणून मी प्रत्येकाची वेगळी सळई करतो. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

जुगाडाची जाळी

जुन्या फ्रिजची तारेची फळी विटांवर ठेवून भाजणारे बरेच आहेत. कृपा करून हे करू नका. त्या तारांवर प्लास्टिकचा किंवा धातूचा मुलामा असतो, जस्ताचा किंवा जुन्या फळ्यांवर कॅडमियमचाही, आणि तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो. जस्ताचा मुलामा असलेला नवा पत्रा किंवा जाळीही चालत नाही. स्टेनलेस स्टीलची किंवा साध्या लोखंडाची जाळी घ्या. तारेच्या ब्रशने घासलीत तर ओल्या फडक्याने पुसून नीट पाहा, कारण ब्रशच्या तुटक्या तारा पदार्थाला चिकटून पोटात जाऊ शकतात.

चूल रचताना नदीतले दगड घेऊ नका. आतलं पाणी तापलं की ते फुटून उडतात. शेगडी थेट गच्चीच्या टाइल्सवर ठेवलीत तर टाइल्स तडकतात आणि वॉटरप्रूफिंगचं नुकसान होतं. खाली विटा आणि त्यावर वाळूचा थर घाला. सोसायटीच्या गच्चीवर आधी परवानगी घ्या, वाळत घातलेले कपडे आणि प्लास्टिकच्या टाकीपासून दूर बसा.

पाऊस आला म्हणून शेगडी आत घेणं

ही चूक जिवावर बेतते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. निखारे शांत दिसतात, धूरही थांबलेला असतो, तेव्हाही तो निघतच असतो. काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी, शटर ओढलेलं गॅरेज, तंबू, खिडकी किलकिली ठेवलेली खोली, या सगळ्या बंदच जागा आहेत. थंडीत ऊब म्हणून उरलेली शेगडी झोपायच्या खोलीत ठेवणं तर सर्वांत घातक. सोबतच्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, गरगरणं, मळमळ सुरू झाली, तर पित्त समजून झोपू नका. सगळ्यांनी मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. पावसाची शक्यता असेल तर पदार्थ आत न्या आणि तव्यावर पुरे करा, शेगडी बाहेरच भिजू द्या.

निखारे विझण्याआधी आणि नंतर

जेवण उरकलं तरी विस्तवात तासभर धग असते. रताळी धुऊन सालासकट राखेत पुरा, पाऊण तासाने मऊ निघतील. कैऱ्यांचा हंगाम असेल तर दोन कैऱ्या कडेच्या निखाऱ्यांत खुपसा. उद्याच्या पन्ह्याला भाजलेल्या कैरीची चव उकडलेल्या कैरीपेक्षा मला कितीतरी आवडते.

मग शेगडी झाकण लावून किंवा वाळू घालून बंद करा. तापलेल्या शेगडीत एकदम पाणी ओतलं तर गरम वाफ अंगावर येते, मातीची शेगडी असेल तर तडकते. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली दुसऱ्या सकाळपर्यंत निखारा जिवंत राहू शकतो, म्हणून ती रात्री प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकू नका. चोवीस तास पत्र्याच्या डब्यात राहू द्या. लाकडी कोळशाची राख नंतर कुंड्यांमध्ये चिमूटभर टाकता येते. जास्त टाकली तर मातीचा क्षार वाढतो. ब्रिकेटची राख कुंडीत घालू नका.