हिवाळी भाज्या निघाल्या, आता उन्हाळी परसबागेची तयारी

संक्रांत उलटली की मेथी-पालक फुलावर येतात, वाटाण्याचे वेल पिवळे पडायला लागतात. उन्हाळी भाज्यांसाठी वाफे तयार करायची हीच वेळ. मात्र बी टाकायची घाई नको. भेंडी, काकडी, कारलं यांना उबदार माती लागते. रात्रीचा गारठा असताना टाकलेलं बी मातीतच कुजतं. कोकणात जानेवारीतही पेरता येतं, पुण्या-नाशिककडे फेब्रुवारी उजाडू द्यावा. पण मार्चच्या पुढे ढकलू नका. कडक उन्हात वेलांना नर फुलंच जास्त येतात आणि फळधारणा घटते.

आधी मुळं बघा

जुनं पीक काढताना एकेक रोप उपटून मुळं धुऊन बघा. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. वाटाणा, घेवडा, मेथी यांच्या मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या नखाने सहज सुटतात आणि वेल हिरवा असेल तर फोडल्यावर आत गुलाबट दिसतात. हवेतला नत्र धरणारे जिवाणू त्यात असतात. अशी बाकीची झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं मातीतच राहू द्या.

टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या. तिथे मूळच सुजून वेडंवाकडं झालेलं असतं, गाठ सुटी निघत नाही. ही सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची लागण. ती मुळं कंपोस्टात अजिबात टाकू नका, वाळवून जाळा. त्या जागी भेंडी, काकडी, दुधीही नको, कारण त्यांनाही हीच लागण होते. झेंडू लावा, नाहीतर माती खोल कुदळून उन्हाळाभर तापू द्या.

खणणं आणि खत

माती वाफशावर असतानाच खणा. मूठभर माती दाबून सोडली की गोळा व्हावा आणि बोटाने टोकताच फुटावा. चिकट ओल्या काळ्या मातीत कुदळ घातलीत तर वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतात. वीतभर खोल खणून चार-पाच दिवस ऊन द्या.

मग चौरस मीटरला २ ते ३ किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, काळं, भुसभुशीत, शेणाचा वास न येणारं. कच्च्या खताबरोबर हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) आणि वाळवी येते.

वाफे

पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा बरा, उन्हाळ्यात उलट. सपाट वाफा करून कडेने बांध घाला, म्हणजे दिलेलं पाणी आतच मुरेल. वेलांसाठी फूटभर खोल आळी करा आणि मांडव किंवा जाळी बी टाकण्याआधीच उभी करा. नंतर खांब रोवताना मुळं तुटतात.

पेरणी

भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याचं कवच टणक, त्याला पूर्ण दिवस लागतो. भेंडी आणि गवार दीड फुटांवरच्या ओळींत वीतभर अंतराने टोका. वेलांच्या प्रत्येक आळ्यात ३ बिया टाका आणि उगवल्यावर जोमदार रोपं २ ठेवा. कोबी-फ्लॉवर निघालेल्या वाफ्यात भेंडी छान येते. ही दोन्ही पिकं खादाड असल्याने तिथे खताचा हात जरा सैल असू द्या.

रोपं वीतभर झाली की बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, बुंध्याला चिकटू न देता. पाणी सकाळी लवकर द्या.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. असं झाड दिसताच उपटून टाका. काकडी-दुधीची सुरुवातीची फुलं मात्र गळाली तरी घाबरू नका. ती बहुतेक नर असतात. मादी फूल मागाहून येतं आणि त्याच्या देठाशी इवलंसं फळ आधीच दिसतं.