उपकेंद्रावर प्रथमच रुजू होणाऱ्या ख्रिस्ती भगिनींसाठी

आरोग्य उपकेंद्रावर नव्याने नेमणूक झालेल्या मुली चर्चमध्ये भेटल्या, की आधी क्वार्टर आणि पाण्याची चौकशी करतात आणि मग दबक्या आवाजात विचारतात : केवळ ख्रिस्ती आहोत म्हणून गावातले कोणी अंगावर आले, तर काय करायचे? यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन उपकेंद्रांवर नोकरी करताना मला जे उमगले, ते त्यांच्यासाठी लिहिते.

पहिल्याच हिवाळ्यात लसीकरणाच्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ अंगणवाडीच्या दारात उभे राहून बायांना परत पाठवू लागले. त्यांच्या दीड महिन्याच्या नातवाला लसीनंतर रात्रभर ताप आला होता. "काय टोचता आमच्या लेकराले? बाटवाले आल्या का गावात?" असे ते सर्वांसमोर बोलले. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, हे बाळाच्या आईला सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. म्हणून "काकाजी, ही चूक माझी आहे" असे प्रथम कबूल केले आणि मग अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस का चुकवू नयेत ते समजावले. त्यांनी ऐकले नाही. त्या दिवशी मी चारच बाळांना लस देऊन परतले.

रात्री प्रार्थनेला बसले, तर "प्रभू, त्यांना सद्बुद्धी दे" याखेरीज काही सुचेना. ती प्रार्थना नव्हती, देवाकडे नेलेली तक्रार होती, हे कळायला मला बरेच आठवडे लागले. छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा (मत्तय 5:44) संडे स्कूलपासून पाठ होती. पण ज्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी मागायचे तरी काय? म्हणून मी आशाताईंना विचारले. कोरडवाहू शेती, सोसायटीचे कर्ज, बोंडअळीने गेलेला कापूस आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली थोरली नात, एवढे त्या घरावर होते. तेव्हापासून मी रोज त्या नातीसाठी प्रार्थना करू लागले, आणि जिच्यासाठी रोज मागतो, तिच्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या संपल्या का, हे विसरता येत नाही. थंडीत तिचे सांधे दुखू लागत, म्हणून तिला ऊबदार ठेवा, पाणी भरपूर द्या, असे सांगायला मी तिच्या आईकडे जाऊ लागले. वैरी तान्हेला असेल तर त्याला पाणी द्यावे, असे पौलाने रोमकरांस लिहिले (12:20), ते या घरी इतके शब्दशः लागू पडेल असे मला वाटले नव्हते.

येथेच सावध राहावे लागते. ही माया गळाला लावलेले आमिष ठरली, तर काकाजींचा आरोपच खरा होतो. म्हणून कामाच्या वेळी मी कोणालाही पत्रक दिले नाही, की रुग्णाच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना केली नाही. प्रार्थनासभेत 'प्रार्थना विनंती' म्हणून रुग्णाचे नाव आणि आजार सांगण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे, तीही मोडावी. देवाला नाव ठाऊक असते, मंडळीला ते सांगण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गावात मी नेमकी उलटी चूक केली. एक तरुण रात्री दारू पिऊन क्वार्टरवर दगड मारी आणि मी दोन महिने सोसणे म्हणजेच क्षमा, असे समजून गप्प बसले. चपराक बसल्यावर खुद्द येशूने मारणाऱ्याला "मला का मारतोस?" असे विचारले होते (योहान 18:23), आणि फटके बसण्यापूर्वी पौलाने आपल्या रोमी नागरिकत्वाची आठवण करून दिली होती (प्रेषितांची कृत्ये 22:25), हे मला फार उशिरा आठवले. शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवले, पोलीस पाटलांना सांगितले, आणि दगड थांबले. तो तरुण मात्र बदलला नाही. मी त्याच्यासाठी अजून प्रार्थना करते आणि त्याचा रागही मला अजून येतो.

काकाजींनी माझी बदली होईपर्यंत मला कधी नमस्कार केला नाही. महिन्यातून एकदा ते नातीला घेऊन येत, तिला आत पाठवत आणि स्वतः कडुनिंबाखाली पाठ फिरवून उभे राहत. मीही बाहेर जाऊन बोलणे काढत नसे. मुलीच्या हातात गोळ्या ठेवून तिला लवकर मोकळे करी, कारण तोवर शाळेची घंटा झालेली असे.