ट्रॅव्हर्सच्या निमित्ताने कॅसिओ ९९१ शिकूया

डिप्लोमा सिव्हिलच्या मुलांना मी सर्व्हे शिकवते. वर्गात बहुतेकांकडे कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस असतो. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) पेपरवर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असतं, त्यात हा बसतो. पण मुलं त्यावर गुणाकार, साइन आणि कॉस एवढंच करतात. सगळी बटणं एका बैठकीत शिकायला गेलात तर आठवड्याभरात सगळी विसराल. त्यापेक्षा एकच काम धरा आणि त्या कामाला लागतील तेवढीच बटणं पक्की करा. मी बंद ट्रॅव्हर्स धरते, म्हणजे एकामागून एक बाजूंची लांबी आणि दिशा मोजत परत सुरुवातीच्या बिंदूला येणं.

दुसऱ्याकडून आलेला कॅल्क्युलेटर असेल तर आधी तो कोरा करा: शिफ्ट, ९, मग ३, मग =, मग एसी. आता शिफ्ट-मोड दाबून २ निवडा, म्हणजे उत्तरं अपूर्णांकात किंवा वर्गमुळात न येता सरळ दशांशात येतील. परत शिफ्ट-मोड, ६ आणि ३ केलं की दशांशानंतर तीन आकडे दिसतील. दिसतात तीनच, आत मात्र पूर्ण संख्या राहते, त्यामुळे अचूकता जाईल ही भीती नको.

मग साइन ३० करून बघा. ०.५०० आलं तर कोन अंशात आहेत. −०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे, शिफ्ट-मोड-३ करा. कामाला बसताना रोज पहिल्यांदा हेच करा. पाच सेकंद लागतात.

आता मुख्य बटण. अधिकच्या चिन्हावर पिवळ्या अक्षरात पोल आहे, वजाच्या चिन्हावर रेक. आम्ही शिकलो तेव्हा प्रत्येक बाजूसाठी लांबी गुणिले कॉस, लांबी गुणिले साइन, आणि त्याआधी बेअरिंगचं (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोनाचं) क्वाड्रंट, म्हणजे वर्तुळाचा कुठला चतुर्थांश ते, काढून चिन्ह ठरवणं असं सगळं करायचो. रेक हे एका फटक्यात देतं. शिफ्ट, वजा, १००, शिफ्ट आणि ) (हा स्वल्पविराम), ३०, ), =. एक्स ८६.६०३, वाय ५०.०००. एक्स म्हणजे लॅटिट्यूड (बाजूचं उत्तर-दक्षिण अंतर), वाय म्हणजे डिपार्चर (पूर्व-पश्चिम अंतर). ३० च्या जागी २२५ टाका: दोन्ही −७०.७११. चिन्ह आपोआप आलं. होल सर्कल बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने ० ते ३६०) जसंच्या तसं टाकायचं, क्वाड्रंट काढत बसायचं नाही. बेअरिंगमध्ये मिनिटं असली तर ६२, °'" चं बटण, १५, परत तेच बटण. ४८.६० मीटर आणि ६२°१५' घालून बघा, २२.६२९ आणि ४३.०१० यायला हवं.

ही उत्तरं कागदावर उतरवून परत टाइप करू नका, चुका तिथेच होतात. रेक केल्यावर ती एक्स आणि वाय या मेमरीत आपसूक जाऊन बसतात. (जुन्या ९९१ एमएसवर ती ई आणि एफमध्ये जातात, तेवढं लक्षात ठेवा.) लॅटिट्यूडची बेरीज एममध्ये आणि डिपार्चरची एमध्ये ठेवायची; ट्रॅव्हर्स नीट बंद झाला तर शेवटी दोन्ही शून्य येतात. अल्फा, ), मग एम प्लस: एक्स एममध्ये मिळवला गेला. एम प्लस एकदाच दाबा, दुसऱ्यांदा दाबलंत तर परत मिळवला जाईल. मग अल्फा (−), +, अल्फा आणि एस-डीचं बटण, शिफ्ट, आरसीएल, (−): ए अधिक वाय परत एमध्ये गेला. पुढची बाजू घ्या, परत हेच. तिसऱ्या बाजूपर्यंत बोटं न बघता चालायला लागतात.

सुरुवात करण्याआधी मात्र दोन्ही मेमरी शून्य करा. ०, शिफ्ट, आरसीएल, एम प्लस. ०, शिफ्ट, आरसीएल, (−). कॅल्क्युलेटर बंद केला तरी मेमरी पुसत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, एका पाझर तलावाच्या कामावर, एममध्ये आदल्या दिवसाचा आकडा राहून गेला होता. ट्रॅव्हर्स बंद होईना. दोन माणसं घेऊन अख्खा दिवस उन्हात परत मापं घेतली आणि सगळी मापं बरोबर निघाली. एममध्ये काही शिल्लक असेल तर स्क्रीनच्या वरच्या कडेला एम दिसतो. तेव्हापासून आधी तिकडे बघते.

सरावासाठी १०० मीटरचा चौरस घ्या. बेअरिंग ३०, १२०, २१०, ३००. चारही बाजू झाल्यावर आरसीएल एम आणि आरसीएल ए दोन्ही ०.००० दाखवतील. जमलं की दोन्ही मेमरी परत शून्य करा, तिसरी बाजू मुद्दाम १००.३ धरा आणि सगळं पुन्हा करा. आता एम −०.२६०, ए −०.१५०. इथे पोल कामाला येतं, ते रेकच्या उलट, दोन बेरजांवरून अंतर आणि दिशा देतं: शिफ्ट, +, अल्फा एम, स्वल्पविराम, अल्फा ए, ), =. आर ०.३००, थीटा −१५०. आर हा क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटचा बिंदू पहिल्यापासून जेवढा सुटला ते अंतर. ४००.३ मीटरच्या परिमितीत ०.३, म्हणजे साधारण १३३४ ला १. थीटा ऋण आला तर ३६० मिळवा. २१०!

चुकलेल्या बाजूचं बेअरिंगही २१० च होतं. एकाच बाजूची लांबी चुकली असेल तर एररची दिशा त्या बाजूला समांतर येते. माप जास्त लिहिलं असेल तर तीच दिशा, कमी लिहिलं असेल तर बरोबर उलटी. चौरसात समोरासमोरच्या बाजू समांतर असल्याने दोन्ही तपासाव्या लागतात, पण शेताच्या वेड्यावाकड्या हद्दीत सहसा एकच बाजू सापडते.

उताराच्या जमिनीवर स्टेडियाचं (दुर्बिणीतल्या तारांवरून उभी पट्टी वाचून काढायचं) अंतर काढायला कॅल्क बटण वापरा. १००, अल्फा ए, गुणिले, कॉस, अल्फा बी, ), वर्ग एवढं लिहून कॅल्क दाबा. ते ए विचारेल, स्टाफ इंटरसेप्ट (वरच्या आणि खालच्या तारेच्या वाचनातला फरक) द्या; बी विचारेल, दुर्बिणीचा उभा कोन द्या. १.२ आणि ० दिल्यास १२०, १.२ आणि ३० दिल्यास ९०. पुढच्या रीडिंगला परत कॅल्क, सूत्र पुन्हा लिहायचं नाही. फक्त हे ट्रॅव्हर्सच्या मधे करू नका, एमधली डिपार्चरची बेरीज पुसली जाईल. समीकरणांसाठी मोड-५ आहे, तो मेन्यू बघूनच कळतो.

गेल्या कॅम्पला मुलींच्या एका ग्रुपचा एरर १ मीटरच्या आसपास आला. त्या पाचही बाजू परत मोजायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आधी पोल करा. थीटा −६४, म्हणजे २९६. फील्ड बुकात ११६ ची एक बाजू होती, बरोबर उलट, म्हणजे माप कमी लिहिलेलं. तेवढ्याच बाजूवर टेप धरला. ५४.३० च्या जागी ५३.३० लिहिलं होतं.