गोठ्यावरच्या सहलीची तयारी

सोलापूरहून मंगळवेढा किंवा पंढरपूर भागातल्या गोठ्यावर दिवसभरासाठी जायचे असेल, तर सर्वांत आधी धारेची वेळ विचारून घ्यावी. धार बहुतेक ठिकाणी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी काढतात. सकाळी उशिरा पोहोचणाऱ्यांना धुऊन पालथ्या घातलेल्या चरव्याच दिसतात. हंगाम शक्यतो हिवाळ्याचा धरावा, म्हणजे ऊन सोसवते आणि रानात ज्वारीचा हुरडाही मिळतो.

मालकाशी दुसरे बोलणे खाण्याविषयी करावे, आणि तेही किमान एक दिवस आधी. लोणी निघताना पाहायचे असेल तर विरजण आदल्या रात्रीच लागलेले हवे. घुसळताना ताक कोमट वाटू लागले तर लोणी नीट गोळा होत नाही, म्हणून माठातले गार पाणी जवळ ठेवायला सांगावे. खरवसाचा मात्र आग्रह धरू नये. म्हैस नुकतीच व्यालेली असेल तरच चीक मिळतो आणि त्यावर पहिला हक्क रेडकाचा असतो, कारण रोगप्रतिकारशक्ती त्याला त्या पहिल्या चिकातूनच मिळते. त्याचे पोट भरून उरला, तरच आपल्या वाट्याला गूळ-वेलदोड्याचा खरवस यावा. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी; तापवलेल्या सायीच्या दुधात भाकरी चुरून खाण्यासारखी दुसरी न्याहारी नाही. धारोष्ण दुधाचे कौतुक जुने असले, तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार होऊ शकतात, तेव्हा दूध उकळूनच प्यावे.

पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्याच्याही मागे जातात आणि माशी हाकलायला तिने मान वळवली तरी ती बाजूच्या माणसाला लागू शकतात, त्यामुळे मुलांना तिच्या खांद्याजवळ उभे करू नये. अनोळखी गर्दी आणि गोंगाट झाला की म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध सोडत नाही. म्हणून धार पाहायला दोघा-तिघांनीच, तेही गडद साध्या कपड्यांत आणि फोनचा फ्लॅश बंद करून जावे. लाळ्या-खुरकुत या गुरांच्या रोगाचा संसर्ग पादत्राणांवरूनही पसरतो, तेव्हा स्वच्छ धुतलेले बूट घालावेत आणि त्याच दिवशी दुसऱ्या गोठ्यावर जाऊ नये.

दूध घरी आणायचे असेल तर घट्ट झाकणाची स्टीलची किटली आणि बर्फाचा डबा बरोबर असावा. सकाळचे गार दूध आणि संध्याकाळचे ताजे दूध एकत्र करू नये, आणि घरी पोहोचताच ते तापवून ठेवावे.