ॲप मुलाचं, नोंदही मुलाचीच

१५ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या आहार-नोंदीच्या ॲपमध्ये सलग २१ दिवस एकच जेवण होतं. वेळसुद्धा तीच, अगदी मिनिटापर्यंत. ‘रोज कॉपी करायचो,’ तो म्हणाला, ‘बाबा रात्री १० वाजता फोन बघायचे ना!’ ॲप बाबांनी निवडलेलं, पासवर्ड बाबांचा, किती किलो कमी करायचे तेही बाबांनीच ठरवलेलं. त्याच्या वाट्याला फक्त थापा मारणं उरलं होतं.

आहारतज्ज्ञ म्हणून मी ॲप सुचवते, पण त्याआधी घरच्यांकडून एक कबूल करून घेते: नोंद मुलाची आहे, तो दाखवेल तेवढीच बघायची.

सुरुवात वजनापासून करू नका. ‘तुझं वजन वाढलंय, हे घे’ म्हटलं की दार बंद झालंच. ‘दिवसात कधी सगळ्यात गळून जायला होतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. कुणी म्हणतं, शाळेतून आल्यावर. कुणी म्हणतं, खेळताना लवकर दम लागतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोल्निक या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत याच गोष्टीला महत्त्व आहे: बदलायचं कारण त्या माणसाच्याच तोंडून आलं पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर ते जरा जास्तच खरं.

मग दोघांनी मिळून दोन-तीन ॲप उतरवा आणि मुलाला नापसंत असेल ते त्यालाच डिलीट करू द्या. उघडल्याउघडल्या कॅलरीचा आकडा, ‘आधी आणि नंतर’चे फोटो, रोज वजन भरायची आठवण, यातलं काहीही दिसलं तर ते ॲप मी बाजूला ठेवते. प्रौढपणीच्या वजनापैकी जवळपास निम्मं वजन किशोरवयातच वाढतं. त्या काळात आकडा वर जाणारच, आणि घाबरवणारं ॲप मुलाला चुकीच्या वाटेवर नेतं. बीएमआयचंही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. १८.५ आणि २५ या सीमा मोठ्यांच्या आहेत. ५ ते १९ वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत, ते डॉक्टरांकडेच बघावेत.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती फोटो-डायरी. मोजमाप नाही, ताटाचा फोटो काढायचा, बस. एका मुलीने दोन आठवडे असे फोटो काढले. आम्ही ते ओळीने लावून पाहिले, तर सकाळचा एकही नव्हता आणि रात्री ११ नंतरचे ९ होते. मी काहीच बोलले नाही. तीच म्हणाली, ‘म्हणजे मी दिवसभर उपाशी राहते आणि रात्री तुटून पडते?’ रात्रीच्या खाण्याला आम्ही हात लावला नाही. सकाळी काहीतरी पोटात घालायचं, एवढंच तिने ठरवलं. महिन्याभरात रात्रीचे फोटो आपोआप कमी झाले. हेच मी आधी सांगितलं असतं, तर तिने मान डोलावून सोडून दिलं असतं.

एका वेळी एकच गोष्ट नोंदवा: गोड पेयं, नाश्ता, ८ ते १० तासांची झोप किंवा दिवसाला साधारण ६० मिनिटांची हालचाल. पावलं मोजायची असतील तर मोजा, पण १०,०००चा बाऊ नको. तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रुळला. नोटिफिकेशन एकच ठेवा, तेही मुलाने निवडलेल्या वेळेला. स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस नोंद केली त्याची मोजणी, बंद करता आली तर उत्तमच. ती एकदा तुटली की ‘गेलं सगळं’ म्हणत ॲप सोडून देणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत.

परवानग्या मात्र वाचाच. वजन कमी करण्याच्या एका ॲपने पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, आणि ती माहिती पुसायला लावली. कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवं, असं मुलालाच विचारा. त्यांना हे आपल्यापेक्षा चटकन कळतं.

घरच्यांचं काम? चांगलं खाणं हाताशी ठेवणं, एकत्र जेवणं, आणि वजनावरून चेष्टा अजिबात न करणं. अगदी लाडानेसुद्धा.

जेवणं टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, चक्कर, पाळी चुकणं, भराभर उतरणारं वजन, नोंद राहिली म्हणून रडू येणं, यातलं काही दिसलं तर नोंद ठेवणं थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. तिथे ॲप बदलून भागत नाही.

तो २१ दिवसांचा मुलगा आता फोटो-डायरी वापरतो. आठवड्याला तीन-चार फोटो येतात, निम्मे हललेले. परवा एक रिकामं ताट आलं, खाली लिहिलं होतं: ‘विसरलो, आधीच खाल्लं.’