राउटरचा बॅटरी बॅकअप: रिले नको, बॅटरी कायम लाइनीतच

अडॅप्टरवरून बॅटरीवर जायला रिले (विजेने पलटणारा स्विच) लावला की तो पलटताना काही मिलिसेकंद लाइन तुटते. राउटरमधला कपॅसिटर तेवढाही तग धरेल याची खात्री नाही. राउटर रीस्टार्ट झाला की पुन्हा नेट यायला दोन-तीन मिनिटं. म्हणून बॅटरी फ्लोटवर (ठरावीक व्होल्टेजच्या हलक्या, सततच्या चार्जवर), लोडला म्हणजे राउटरला कायम जोडलेली ठेवायची. वीज गेली तर पलटायला काही उरतच नाही.

आधी मीटर लावून लोड मोजा. स्टिकरवरचा आकडा कमाल असतो. राउटर आणि फायबरचा डबा मिळून ८ वॅट धरू. कन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून साधारण ०.८ अँपिअर जातील. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) नवी सीलबंद बॅटरी सहा तास आरामात देते.

लागणारं सामान: १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप अडॅप्टर, एक्सएल४०१५ चं सीसी-सीव्ही मॉड्यूल (करंट आणि व्होल्टेज दोन्हींवर मर्यादा घालणारं; ती ठरवायला स्क्रूने फिरवायचे दोन प्रीसेट असलेलं), १एन५८२२ शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), ३ अँपिअर फ्यूज, लो व्होल्टेज कटऑफ मॉड्यूल (बॅटरी फार उतरली की लोड तोडणारं) आणि १२ व्होल्टचं बक-बूस्ट मॉड्यूल (इनपुट १२ च्या वर असो वा खाली, आउटपुट १२ च ठेवणारं).

अडॅप्टर, सीसी-सीव्ही, डायोड या क्रमाने जोडत या. डायोडच्या पट्टीकडच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस जोडा. त्याच टोकावरून कटऑफ, मग बक-बूस्ट, मग राउटर. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललगतच हवा. एवढीशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर वायर लाल करते. डायोड नसेल तर वीज गेल्यावर बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये शिरते.

बॅटरीचा आणि लोडचा मायनस मॉड्यूलच्या आउटपुट मायनसलाच घ्या. करंट मोजणारा रेझिस्टर बहुतेक मॉड्यूलमध्ये दोन मायनसच्या मधे असतो. अडॅप्टरच्या मायनसला जोडलंत तर करंट लिमिट गेलीच म्हणा.

बॅटरी सोडवून, राउटर चालू ठेवून, डायोडच्या पुढे १३.६ व्होल्ट सेट करा. प्रीसेट बरेच वेढे फिरतो. पहिल्या चार-पाच वेढ्यांत आकडा हलला नाही म्हणून मॉड्यूल बाद ठरवू नका. मग राउटर काढा, मीटर १० अँपिअर रेंजवर ठेवून आउटपुट त्यातूनच शॉर्ट करा आणि करंट १.४ अँपिअरवर आणा: लोडला अर्धा, चार्जिंगला अर्धा. राउटर बंद असला तरी १.४ या बॅटरीला झेपतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खोली चाळिशीला जात असेल तर १३.३ वर आणा, नाहीतर बॅटरी आतून सुकते.

बक-बूस्ट घेताना बोर्डावर दोन कॉइल आहेत ना, ते बघा. एक कॉइलवालं एक्सएल६००९ नुसतं बूस्ट असतं, ते १३.६ तसेच राउटरला देतं. राउटर जोडण्यापूर्वी आउटपुट १२.० मोजून घ्या.

कटऑफ ११.० वर ठेवा, परत जोडणी १२.४ वर. लोड सुटला की बॅटरी आपोआप १२ च्या आसपास वर येते, जोडणी ११.५ वर ठेवलीत तर कटऑफमधला रिले टकटक करत बसतो. १३ वर ठेवलीत तर वीज येऊनही राउटर बराच वेळ मेलेलाच राहतो.

पूर्ण चार्ज झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवा आणि तासाभराने, राउटर चालू असतानाच, बॅटरी मोजा. १२ च्या खाली गेली असेल तर बॅटरी बदला.